बांधावरचा साग तोडायचाय? खानापूर-बेळगाव भागात परवान्याची वाट कशी चालायची

आमच्या बांधावर आजोबांनी लावलेले चौदा साग होते. तोडायला चार दिवस लागले. तोडायची परवानगी हातात पडेपर्यंत दोन पावसाळे गेले.

सगळं पार पडल्यावर एका रात्री मी ती फाईल पुढ्यात घेतली आणि प्रत्येक कागदावरची तारीख वहीत उतरवली. तोवर भेटेल त्याला ‘फॉरेस्टवाल्यांनी दोन वर्षं फिरवलं’ असं सांगत सुटलो होतो. वहीतला हिशोब वेगळाच निघाला. वन खात्याच्या टेबलावर अर्ज खरा होता तो जेमतेम दोन-अडीच महिने. बाकीचा काळ उताऱ्यावरचं नाव, मोजणी आणि हद्द यांतच गेला होता. अर्ज देण्याआधीच जे काम घरी बसून उरकता आलं असतं, ते आम्ही अर्ज दिल्यावर, एकेक त्रुटी परत आली तसं करत बसलो.

म्हणून हा लेख. खानापूर, बेळगाव, हुक्केरी किंवा पलीकडे हल्याळ-जोयडा भागात ज्यांच्या नावावर नुकतीच जमीन आली आहे, ज्यांनी पूर्वी असली परवानगी कधी काढलेली नाही, त्यांच्यासाठी. टिंबरवाल्यांना यातलं नवीन काही नाही.

आधी उतारा, मग कुऱ्हाड

नाडकचेरीतून किंवा ‘भूमी’ या सरकारी संकेतस्थळावरून ताजा आर.टी.सी., म्हणजे आपला उतारा, काढा आणि घरी शांतपणे वाचा. कन्नड वाचता येत नसेल तर येणाऱ्याला शेजारी बसवा, पण ओळ न् ओळ वाचा.

पहिलं बघायचं ते नाव. खातेदार वारलेले आहेत आणि नाव तसंच चाललंय, ही आपल्या भागातली नेहमीची गोष्ट. पाणीपट्टी भरली जाते, कुणाचं काही अडत नाही. अडतं ते झाड तोडताना, कारण अर्जदार आणि खातेदार एकच लागतो. वारसा लावायला मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. आमची एक आत्या गोव्यात आणि दुसरी पुण्यात. दोघींच्या सह्यांना तीन महिने लागले, आणि त्यात सरकारचा काही दोष नव्हता. गणपतीला सगळे घरी येतात तेव्हाच कागद पुढे करा. नंतर फोनवर ‘पाठवते की’ एवढंच ऐकायला मिळतं.

दुसरं, नावाचं स्पेलिंग. हे ऐकायला किरकोळ वाटतं. उताऱ्यात कन्नडमध्ये ‘यल्लप्पा’, आधारावर इंग्रजीतून आलेलं ‘येल्लाप्पा’, जुन्या मराठी खरेदीखतात ‘यल्लापा’. माणूस एकच, पण कारकुनाच्या टेबलावर तिघे उभे राहतात. ‘तिन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून आधीच करून ठेवा. आमचा अर्ज पहिल्यांदा परत आला तो याच एका काना-मात्रेच्या फरकावर.

तिसरं, जमीन मुळात कशी आलेली आहे. वडिलोपार्जित मालकी जमीन असेल तर वाट सरळ. सरकारी ग्रँटमधून किंवा बगर हुकूममधून (विनापरवाना कसलेली सरकारी जमीन नंतर नावावर होते ती) मिळालेली असेल तर मंजुरीचा मूळ हुकूम शोधा. जमीन तुमची झाली म्हणजे तिच्यावर आधीपासून उभं असलेलं प्रत्येक झाड तुमचं झालं असं नाही. सागासारख्या मौल्यवान झाडांवरचा हक्क सरकारने राखून ठेवलेला असू शकतो, आणि मग आधी त्यांची किंमत भरावी लागते. हे पाहणीच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

उताऱ्यात झाडांचाही रकाना असतो. बहुतेकांच्या उताऱ्यात तो कोरा. झाडं लावलीत तर त्यांची नोंद करून घ्या. वन खात्याच्या कृषी अरण्य प्रोत्साहन योजनेत रोपं घेतली असतील तर तिची पावती सोन्यासारखी जपा. त्या योजनेत तीन वर्षं जगलेल्या रोपांमागे पैसे मिळतात ही एक गोष्ट झाली. पण पंधरा-वीस वर्षांनी ‘हे झाड मी लावलंय, जंगलातलं नाही’ हे दाखवायला त्या पावतीइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

हद्द

खानापूर तालुक्यात शेत कुठे संपतं आणि रान कुठे सुरू होतं हे गुरांना कळत नाही, माणसांनाही नीट कळत नाही. जांबोटी, कणकुंबी, हेम्मडगा, लोंढा या पट्ट्यात तर शेताच्या तीन बाजूंना वन खातं असतं. २०११ मध्ये जाहीर झालेलं भीमगड अभयारण्य, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं, याच तालुक्यात आहे. अशा ठिकाणी तुमचं झाड तुमच्याच सर्व्हे नंबरात आहे हे महसूल आणि वन या दोन्ही खात्यांना पटावं लागतं. त्यासाठी होतो तो जॉइंट सर्व्हे. सगळ्यात जास्त वेळ खाणारी पायरी कुठली असं मला विचाराल तर मी हीच दाखवीन. दोन खात्यांची दोन माणसं एकाच दिवशी एकाच बांधावर आणणं म्हणजे दोन व्याह्यांना एका पंगतीला बसवण्यासारखं आहे. एक आला तर दुसऱ्याची मीटिंग असते.

इथे तुमच्या हातात काय? बरंच काही. मोजणीचा अर्ज झाडाच्या अर्जाची वाट न बघता आधी टाका. वाटणी झालेली असेल तर तुमच्या हिश्शाचा अकरा-ई नकाशा काढून ठेवा. सर्व्हेअर येण्याआधी हद्दीवरची घाणेरी आणि करवंदीची जाळी साफ करा आणि दगड उघडे करून त्यांना चुना लावा. आमच्याकडे पहिल्या फेरीत कोपऱ्यावरचा एक दगडच सापडला नाही. सर्व्हेअरने घड्याळात बघितलं, ‘पुढच्या वेळी’ म्हणाला, आणि ती पुढची वेळ जूननंतर गेली. दगड पाचोळ्याखाली दीड फुटावर होता. शेजारच्या खातेदारांनाही त्या दिवशी हजर ठेवा. नंतर हरकत येण्यापेक्षा तिथेच भांडण झालेलं परवडतं.

डीम्ड फॉरेस्टचा मुद्दाही तपासा. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, कागदावर वन म्हणून नोंद नसलेल्या पण रानासारख्या असलेल्या जमिनींच्या याद्या झाल्या. कर्नाटकाने अशी जमीन आधी सुमारे ९.९४ लाख हेक्टर दाखवली होती, ती २०२२ मध्ये सुमारे ३.३० लाख हेक्टरवर आणली. म्हणजे जुन्या यादीत असलेला सर्व्हे नंबर नव्या यादीत नसू शकतो. तरीही एखादा कारकून जुनीच यादी उघडून ‘तुमचा नंबर यात आहे’ म्हणेल. यादी कोणत्या वर्षाची आहे हे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

झाड कुठलं?

मनात तीन ढीग करा.

एका ढिगात सोपी झाडं. कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा १९७६ चा. त्यात सुरू, नारळ, निलगिरी, ग्लिरिसिडिया, रबर, सिल्व्हर ओक, सुबाभूळ अशा झाडांना तोडीच्या परवानगीतून सूट आहे. मात्र तोडायला सूट म्हणजे गाडीत भरून न्यायलाही सूट, असं गृहीत धरू नका. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर रेंज ऑफिसातून, म्हणजे वन खात्याच्या परिक्षेत्र कार्यालयातून, घेऊनच गाडी बोलवा.

दुसऱ्या ढिगात साग, शिसव, ऐन, किंजळ, जांबा, नाणा अशी इमारती झाडं. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्यांच्यासाठी.

तिसऱ्या ढिगात एकटं चंदन. २००१ च्या दुरुस्तीनंतर खासगी जमिनीतल्या चंदनाचा मालक जमीनमालक झाला हे खरं, पण तोड आणि विक्री दोन्हींवर कडक बंधनं आहेत.  नवख्या माणसाने चंदनाचा विचार वेगळा, रेंजरसाहेबांशी बोलूनच करावा.

आणि बांबू. ‘बांबू आता झाड नाही, गवत आहे’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती २०१७ ची केंद्राची दुरुस्ती १९२७ च्या भारतीय वन कायद्याला झाली. आपल्याकडे चालतो तो १९६३ चा कर्नाटक वन कायदा. पलीकडे महाराष्ट्रात, चंदगडमधला पाहुणा काय करतो त्यावरून आपण बेट तोडायला घेऊ नये. आपल्या रेंजमधला आजचा नियम विचारावा.

अर्ज

अर्ज वन खात्याच्या कार्यालयात द्यायचा. सोबत ताजा उतारा, फेरफार, नकाशा, ओळखपत्र, सहहिस्सेदारांची संमती, आणि झाडांची यादी. यादीत जात, संख्या आणि अंदाजे घेर लिहा. तोडण्याचं कारण खरं लिहा. घर बांधायचंय, लग्न आहे, झाड म्हातारं झालंय, यात लाजण्यासारखं काही नाही. ‘घरगुती वापरासाठी’ लिहून नंतर व्यापाऱ्याला विकलं तर मात्र अडकाल.

अर्ज कन्नडमध्ये द्या. सीमाभागात हा विषय लगेच तापतो हे मला माहीत आहे, तरी सांगतो. संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं कुठल्याही भाषेत, आपल्या मराठीतही, मांडायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तक्रार करायची वेळ आली तर तो जरूर वापरा. पण मूळ अर्जावर टिपण लिहिणारा माणूस कन्नडमध्ये लिहितो. त्याला भाषांतराचं निमित्त देऊ नका. मी कन्नड अर्जाला मराठी प्रत जोडली होती. एक त्यांच्यासाठी, एक माझ्यासाठी, म्हणजे मी सही कशावर केली ते मला कळत होतं.

पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. सेवा ‘सकाल’खाली, म्हणजे ठरल्या मुदतीत सेवा देण्याच्या कर्नाटकाच्या कायद्याखाली, येत असेल तर पोचीवर जी.एस.सी. हा अर्जाचा क्रमांक असतो. तो नसेल तर कधीपासून दिवस मोजायचे हेच ठरत नाही.

वेळही बघून टाका. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर रानात गाडी जात नाही, पाहणीला कुणी येत नाही, आणि तोड तर नाहीच. डिसेंबरात सुवर्ण विधान सौधात अधिवेशन भरलं की बेळगावातली निम्मी कार्यालयं बंदोबस्ताच्या नाहीतर माहिती पुरवण्याच्या घाईत असतात. मार्च म्हणजे वर्षअखेर. मग राहतं काय? कागद पावसाळ्यात जुळवा, अर्ज दसऱ्याच्या आसपास टाका, तोड जानेवारीनंतर. मे उजाडल्यावर अर्ज देणाऱ्याने पुढच्या वर्षाची तयारी ठेवावी.

पाहणीचा दिवस

फॉरेस्टर आणि गार्ड येतात. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, टेप गुंडाळून मोजतात. त्याआधी कोयत्याने साल हलकी तासून तेवढ्या जागेवर नंबर टाकतात. आमच्या काकांनी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. सातव्या सागापाशी गार्डने आकडा सांगितला आणि लिहिणाऱ्याने दुसराच लिहिला. १०८ सेंटीमीटरचे १८० झाले. काकांनी ते ऐकलं म्हणून बरं. यादीत झाड जाड लागलं आणि प्रत्यक्षात लाकूड कमी भरलं, तर उरलेलं लाकूड कुठे गेलं, याचं उत्तर मालकाला द्यावं लागतं.

म्हणून स्वतःची वही न्या. प्रत्येक झाडाचा नंबर, जात आणि घेर तुम्हीही लिहा, नंबर टाकलेल्या झाडाचा फोटो काढा, आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी दोन्ही याद्या ताडून बघा. चहापाणी करा, तो आपला रिवाज आहे. त्यापलीकडचं काही कुणी मागितलं तर पोच आणि वही हाच तुमचा आधार.

इथे आणखी एक माणूस भेटतो: ‘दादा, तुम्ही कशाला फिरताय, सगळं मी बघतो’ म्हणणारा दलाल. काही चांगले असतात. पण कोऱ्या कागदावर सही देऊ नका. तुमच्या नावावर निघालेल्या पासात तुमच्या चौदा झाडांसोबत रानातली दोन चोरीची झाडं घुसवता येतात. गाडी पकडली गेली तर पासावरचं नाव तुमचं असतं.

तोड, हातोडा, पास

परवानगीच्या पत्रावर मुदत असते. तेवढ्यात तोड संपवा. नंबर असलेलीच झाडं तोडा, आणि बुंधा उखडू नका. तपासणीला येणारा माणूस तोच बघतो. ओंडके पाडल्यावर त्यांची लांबी-घेर लिहून यादी होते, ओंडक्यांच्या तोंडावर मालकाची खूण आणि खात्याच्या हातोड्याचा ठसा उठतो. मालकाची खूण नोंदवायला वेगळा अर्ज लागतो. तो तोडीच्या अर्जासोबतच द्या, नाहीतर पडलेला माल पावसात भिजत राहतो. आमच्या ओळखीत एकाचा भिजला.

मग वाहतुकीचा पास. त्यावर गाडी नंबर, मार्ग, माल आणि वेळ असते, आणि चारही गोष्टी जशा लिहिल्या तशाच पाळायच्या. टायर फुटला, गाडी बदलावी लागली, तर गुपचूप दुसऱ्या ट्रकात भरू नका, जवळच्या रेंजला कळवून नोंद करून घ्या. बिनपासाची गाडी सापडली तर लाकडासोबत गाडीही जप्त होते, आणि ती सुटणं ही वेगळीच कहाणी.

माल कोल्हापूर, गडहिंग्लज किंवा चोर्ल्यातून गोव्याकडे न्यायचा असेल तर पूर्वी दोन राज्यांचे दोन कागद आणि नाक्यावरचा खोळंबा ठरलेला. २९ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने राष्ट्रीय वाहतूक पास व्यवस्था देशभर सुरू केली. क्यूआर कोडचा एकच ऑनलाइन पास राज्याच्या हद्दीपलीकडेही चालावा हा तिचा हेतू. नाक्यावर उभं राहिलेल्या माणसाला याची किंमत कळेल. फक्त निघण्याआधी पलीकडच्या वन कार्यालयात एक फोन करून तिथे तो पास स्वीकारतात ना, हे विचारून घ्या.

फाईल हलेना तेव्हा

पहिल्यांदा जाऊन विचारा, भांडू नका. ‘फाईल कुठल्या टेबलावर आहे आणि कुठला कागद कमी आहे’ एवढाच प्रश्न. तोंडी त्रुटी सांगितली तर लेखी मागा.

मुदत उलटली तर सकाल. हा कायदा २०११ चा. त्यात उशिराबद्दल दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई आहे. पाचशे रुपयांत सागाची एक फळीही येत नाही. पण ते पैसे जबाबदार कर्मचाऱ्याच्या खिशातून जातात आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपील होतं, म्हणून नुसत्या क्रमांकाच्या उल्लेखानेही टेबलावरची धूळ उडते.

त्याने भागलं नाही तर माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, उत्तराला ३० दिवस. कर्नाटकात एक बारकावा आहे: अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा. सगळा राग त्यात ओतलात तर अर्ज तिथेच बाद होतो. ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजवर कोणत्या तारखेला कोणी काय टिपण लिहिलं त्याची प्रत द्यावी’ एवढं एक वाक्य पुरतं.

सॉ मिल घालायची असेल तर

थोडक्यात सांगतो, कारण दर वर्षी कुणीतरी तरुण हा बेत घेऊन येतो. ३० ऑक्टोबर २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नव्या सॉ मिल, व्हिनियर आणि प्लायवूडच्या परवान्यांना लगाम बसला. नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. तेव्हापासून राज्यस्तरीय समिती आधी राज्यात लाकूड किती उपलब्ध आहे ते बघते आणि मग परवान्याचा विचार करते. त्यात वनहद्दीपासून हवाई अंतराने दहा किलोमीटरची अट आहे. औद्योगिक वसाहती आणि शहरी हद्दीला तीत सवलत. आता खानापूरचा नकाशा घ्या आणि वनहद्दीपासून दहा किलोमीटर दूरची जागा शोधा. नाही सापडणार. म्हणून जागा घेण्याआधी, मशीनची आगाऊ रक्कम देण्याआधी, मच्छे-उद्यमबागसारख्या वसाहतीत गाळा मिळतो का ते बघा, आणि समितीकडे नवे परवाने सध्या खुले आहेत का हे लेखी विचारा. मशीन आधी, परवाना नंतर, हा क्रम करून बसलेल्यांची यंत्रं गंजताना मी पाहिली आहेत.

सुधारणा कुठवर आली

जून २०२५ मध्ये केंद्राने शेतजमिनीवरच्या झाडांच्या तोडीसाठी नमुना नियम काढले. त्यात लागवडीची नोंद राष्ट्रीय पोर्टलवर करायची, जमिनीची माहिती आणि झाडांचे जागेसह फोटो चढवायचे, दहापर्यंत झाडांना फोटोंवरून ना-हरकत आणि त्याहून जास्त असतील तर पाहणी, अशी रचना आहे. नियम नमुन्याचे आहेत, ते स्वीकारायचे राज्याने. तुमच्या रेंजमध्ये काय चालू आहे हे अर्जाआधी विचारा.

कल्पना चांगली आहे. पण त्या पोर्टललाही पहिल्या पानावर जमिनीची मालकी लागते, आणि आजोबांच्या नावावरचा उतारा ते दुरुस्त करून देणार नाही. हद्दीचा दगडही शोधून देणार नाही. माझ्या वहीतल्या दोन पावसाळ्यांपैकी पोर्टलने वाचवले असते ते फार तर दोन महिने. महसूल आणि वन खात्याच्या नोंदी एका पडद्यावर आल्या, जॉइंट सर्व्हेला मुदतीचं बंधन आलं, तर मात्र खरा फरक पडेल. तोवर घरातल्या ट्रंकेतले कागद आपणच सरळ करायचे.

माल गेल्यावर पास, ओंडक्यांची यादी आणि वखारीची पावती एकाच फायलीत लावून ठेवा. दोन वर्षांनी कुणी विचारायला आलं तर तीच कामाला येते.

आमच्या चौदा बुंध्यांना त्याच पावसाळ्यात फुटवे आले, सागाला येतातच. प्रत्येकावर एक सरळ फुटवा ठेवला, बाकीचे छाटले. आणि या वेळी तलाठ्याकडे जाऊन झाडांच्या रकान्यात नोंद घालायचा अर्ज आधी दिला. पोच घेतली.